रफार ऐकू येत नाही

बंदराच्या गावच्या फुटबॉल क्लबचे चिटणीस माझ्या उत्तराची वाट पाहत आहेत. त्यांचं पत्र गेल्या उन्हाळ्यातलं. आता दुसरा उन्हाळा दारात येऊन उभा आहे आणि पत्र अजून माझ्या टेबलावरच आहे, शब्दकोशाखाली दबलेलं. बिचाऱ्यांनी फार काही विचारलेलं नाही. एका शब्दाबद्दल विचारलं आहे.

मी उत्तर दिलं नाही, कारण मला पहिलं वाक्य जमत नाही. ‘आपलं पत्र मिळालं’ असं लिहावं तर ते कालच मिळाल्यासारखं वाटतं. ‘उत्तरास विलंब झाला’ असं लिहावं तर विलंब का झाला ते सांगावं लागतं, आणि ते सांगायचं वाक्यही जमत नाही. कारण एवढंच. पण हे कुणाला पटेल तर शपथ! माझा मेहुणा गावभर सांगत सुटलाय, ‘‘भाऊजी मुद्दाम उत्तर देत नाहीत. समोरच्याला झुरवतात.’’ न्हावी माझ्या मानेवरून वस्तरा फिरवताना आदराने म्हणतो, ‘‘तुमच्यासारखा पोचलेला माणूस पाहिला नाही.’’ मानेवर वस्तरा असताना मी काय बोलणार? ती शांतताही माझ्या खात्यावर जमा होते. गावच्या वर्तमानपत्राने तर मला ‘थंड डोक्याचा मुत्सदी’ म्हटलं. मुत्सद्दी शब्दातला एक द खाल्ला तो खाल्ला, वर मला मुत्सद्दी ठरवलं. एका ओळीत दोन चुका!

मी मुत्सद्दी नाही. मी निवृत्त मुद्रितशोधक आहे. छापखान्याच्या मागच्या खोलीत बसून मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त केल्या. माझ्या हाताखालून गेलेल्या पानात चुकलेली वेलांटी कुणी दाखवली, तर मी त्याच्याकडे भांडी घासायला राहीन. लिहिण्याच्या बाबतीत मी असा वाघ. बोलण्याच्या बाबतीत मात्र माझं मांजर होतं. बोललेलं खोडता येत नाही, म्हणून मी वाक्य तोंडाबाहेर काढण्याआधी आतल्या आत दोनदा तपासून घेतो. तेवढ्यात समोरचा माणूस पुढच्या विषयावर गेलेला असतो. गेल्या उन्हाळ्यात जे झालं ते एवढ्यामुळेच झालं. त्यात डावपेच नव्हते. होते ते मेहुण्याचे, आणि ते कसे होते तेही सांगतो.

माझा मेहुणा, म्हणजे माझ्या दिवंगत बायकोचा धाकटा भाऊ, फरश्या, नळ आणि न्हाणीघराचं सामान विकतो. आमच्या गावच्या फुटबॉल क्लबचा तो अध्यक्षही आहे. खेळाडूंच्या कपडे बदलायच्या खोलीला त्याने खरेदीच्या भावात फरशी दिली, तेव्हापासून आहे. चेंडू गोल असतो, यापलीकडे त्याला खेळातलं फारसं काही कळत नाही. पण उन्हाळ्यात सामने बंद होतात, क्लबांमध्ये खेळाडूंची खरेदी-विक्री सुरू होते, आणि मग याच्या अंगात वारं शिरतं.

एके दिवशी त्याने मला दुकानात बोलावून घेतलं. त्याच्या दुकानात खुर्च्या नाहीत. माणसं विकायला ठेवलेल्या कमोडांवर झाकणं लावून बसतात. मला ते जमत नाही. मी आपला टबाच्या काठावर टेकलो.

‘‘भाऊजी,’’ मेहुणा म्हणाला, ‘‘गिऱ्हाइकाला निळी फरशी हवी असते, तेव्हा ते किंमत कशाची विचारतं?’’

‘‘निळीची,’’ मी म्हणालो.

‘‘चूक. पांढरीची. निळीकडे नुसतं बघितलं तरी मी भाव चढवतो, हे शहाण्या गिऱ्हाइकाला माहीत असतं.’’

‘‘चढवतोस?’’ माझ्या न्हाणीघरात निळी फरशी आहे. त्याच्याच दुकानातली.

‘‘तुमची गोष्ट वेगळी,’’ तो घाईने म्हणाला. ‘‘आता ऐका. आपल्याला गोल करणारा माणूस हवाय. बंदरवाल्यांकडे तो आहे, तो तोफ म्हणतात तो. सरळ मागितला तर ते आपली कातडी सोलतील. म्हणून आपण खरेदीला निघालोय हे दाखवायचंच नाही. आपण विकायला बसलोय असं दाखवायचं. आपली भिंत बाजारात काढायची.’’

‘‘कुठली भिंत?’’

‘‘अहो, तुमचा जावई!’’

हे खरं होतं. माझा जावई आमच्या क्लबचा गोलरक्षक आहे आणि गाव त्याला भिंत म्हणतं. मुलगी आणि जावई माझ्या घरात वरच्या मजल्यावर राहतात. माझी पुस्तकं खालच्या खोलीत छतापर्यंत गेली आहेत. वरच्या फळीवरचं पुस्तक हवं असलं की मी जिन्याच्या दिशेला तोंड करून खाकरतो. मग जावई खाली येतो, शिडीबिडी न घेता हात वर करतो आणि पुस्तक काढून देतो. एकदा कोशाचा जाड खंड माझ्या डोक्यावर पडत होता, तो त्याने दारातून सूर मारून एका हाताने पकडला. मैदानावर त्याने काय अडवलं असेल ते असो, माझ्या दृष्टीने तो त्याचा सर्वोत्तम झेल.

‘‘घाबरू नका,’’ मेहुणा म्हणाला. ‘‘खरंच कोण विकतोय? सगळं नाटक. ते भिंतीच्या मागे धावतील, आपण मधेच सहज म्हणणार, तोफेचं काय करताय? पांढरीचा भाव करता करता निळी उचलायची. पत्रं तुम्ही लिहायची. तुमची पत्रं इतकी सभ्य असतात की त्यात हो आहे की नाही, ते कुणाला कळत नाही.’’

मला वाटतं हे त्याने कौतुकाने म्हटलं.

‘‘आणि घरी बोलायचं नाही,’’ त्याने बजावलं. ‘‘भिंतीच्या तोंडावर सगळं दिसतं. त्याला नाटक कळलं की संपलंच.’’

इथे मी ‘नाही’ म्हणायला हवं होतं. म्हणणारही होतो. वाक्य जुळवत होतो. ‘हे मला योग्य वाटत नाही’ म्हणावं की ‘बरं दिसत नाही’, एवढंच ठरत नव्हतं. तेवढ्यात मेहुण्याने माझा हात दाबला आणि म्हणाला, ‘‘ठरलं तर मग.’’

आठवड्याभरात वर्तमानपत्रात मथळा आला : ‘भिंत हलणार?’ मुलगी पेपर घेऊन खाली आली.

‘‘बाबा, हे काय? मामा तुम्हांला काही म्हणाला का?’’

‘‘नाही,’’ मी म्हणालो. आयुष्यात एवढं चटकन माझ्या तोंडून दुसरं काही निघालेलं नाही.

जावई तिच्या मागे उभा होता. त्या दिवशी मी खाकरलो तेव्हा जिन्यावर पाऊल वाजलं नाही.

मग बंदरवाल्यांनी खरोखरच रस घेतला. त्यांचं गाव इथून गाडीने दिवसभराच्या वाटेवर. मैदानाच्या मागे गोलरक्षकासाठी घर होतं म्हणे, आणि घराला बाग. जावई आधी रागावला होता, मग दुखावला, मग एके दिवशी जेवताना म्हणाला, ‘‘बागेत टोमॅटो लावता येतील.’’ माझ्या घशात घास अडकला. मुलीने पाठीवर थापट्या मारल्या आणि म्हणाली, ‘‘बाबा, आम्ही गेलो तर तुम्ही येणारच ना आमच्याकडे? पुस्तकं मात्र थोडी कमी करावी लागतील. तिथे खोल्या लहान आहेत.’’

थोडी म्हणजे किती, हे विचारायचं मला धाडस झालं नाही.

ती खोकी आणायला मामाच्याच दुकानात गेली. मामाने आनंदाने दिली, वर स्वतः गाडीवर घालून आणून टाकली. मी त्याला दारात गाठलं. ‘‘अरे, ती खरंच सामान बांधतेय.’’

‘‘उत्तम,’’ तो कुजबुजला. ‘‘बंदरवाल्यांच्या कानावर जाऊ दे. खरं वाटायला नको?’’

आता त्या फोनकडे येतो.

क्लबचं कार्यालय म्हणजे प्रेक्षकांच्या पायऱ्यांखालची एक खोली. तिथे जाळीत भरलेले चेंडू, ओल्या मोज्यांचा वास, दोन खुर्च्या आणि एक फोन असतो. मेहुणा नळांचा माल बघायला बाहेरगावी निघाला होता आणि मला तिथे बसवून गेला होता. फोन वाजला. फोनला मी घाबरतो. त्यात समोरच्याचा चेहरा दिसत नाही, आणि तो आपल्या वाक्याची वाट पाहतोय की कंटाळलाय ते कळत नाही.

‘‘बंदराच्या क्लबचा चिटणीस बोलतोय,’’ पलीकडून मऊ आवाज आला. ‘‘एकदा समोरासमोर बसून टाकू म्हणतो. आम्ही परवा येऊ का?’’

परवा मेहुणा गावात नसणार होता. तेव्हा ‘परवा नको’ म्हणायचं की ‘परवा नाही जमणार’? ‘नको’ तुटक वाटतं. ‘जमणार नाही’ म्हटलं की का जमणार नाही ते सांगावं लागतं. मी विचार करत राहिलो. पलीकडे चिटणीस अस्वस्थ झाले असावेत. खाकरले, आणि आपणहून म्हणाले, ‘‘आमचा आकडा तुम्हांला कमी वाटला असणार, कल्पना आहे मला. तुमची भिंत त्याच्या दुप्पट मोलाची आहे. पण आमची ऐपतच तेवढी.’’

माझं लक्ष माझ्या वाक्यावर. आणि नेमकं तेव्हाच ते तयार झालं.

‘‘परवा नाही,’’ मी म्हणालो.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

‘‘काय म्हणालात?’’

‘‘परवा नाही,’’ मी अधिक स्पष्ट म्हणालो.

‘‘खरंच? चालेल तुम्हांला?’’

मला वाटलं, दुसरा दिवस चालेल का विचारतायत. ‘‘चालेल की. तेरवा या.’’

‘‘तेरवा म्हणजे शेवटचाच दिवस. येतो. सह्या करूनच टाकू.’’ त्यांचा आवाज भरून आल्यासारखा वाटला. ‘‘फार मोठ्या मनाचे आहात हो तुम्ही.’’

एक दिवस पुढे ढकलायला मोठं मन कशाला लागतं, ते मला कळलं नाही. बंदराकडची माणसं फारच सभ्य असावीत, असं मनाशी म्हणून मी फोन ठेवला.

वाचकहो, तुम्हीच न्याय करा. छापलेल्या मजकुरात हे होणं शक्य होतं का? दिवसाचा परवा साधा, उघड्या डोक्याचा. फिकिरीची पर्वा डोक्यावर रफार घेऊन येते. आंधळ्यालाही चाचपून कळावं एवढा फरक. पण फोनमध्ये रफार ऐकू येत नाही. माझी ‘परवा नाही’ तारखेबद्दल होती. त्यांनी ती किमतीबद्दल ऐकली. म्हणजे आकडा कमी असला तरी हरकत नाही, घेऊन जा आमची भिंत. माझाच जावई मी निम्म्या भावात विकला, आणि वर तेरवाचं आमंत्रण दिलं!

हे मला कळलं ते वर्तमानपत्रातून. बंदरवाल्यांनी हर्षभरित होऊन आपला जुना गोलरक्षक मोकळा केला होता आणि बातमीही देऊन टाकली होती. ‘भिंत विकली गेली.’ मेहुणा नळ अर्धे सोडून धावत आला. कोटाच्या खिशातून एक तोटी डोकावत होती.

‘‘भाऊजी, तुम्ही कितीला हो म्हणालात?’’

‘‘मी कशालाच हो म्हणालो नाही.’’

‘‘ते म्हणतात, किमतीचं विचारलं तर तुम्ही म्हणालात, पर्वा नाही.’’

मी खुर्चीवर बसलो. मग मी त्याला रफाराचं सांगितलं. त्याने डोकं धरलं.

‘‘त्यांना फोन कर,’’ मी म्हणालो. ‘‘सांग, गैरसमज झाला.’’

‘‘आणि क्लबची अब्रू? आमचा माणूस फोनवर काय बोलतो ते त्यालाच कळत नाही, असं सांगू?’’ तो येरझारा घालायला लागला. मग थांबला. त्याच्या डोळ्यांत ती निळी फरशी विकतानाची चमक आली. ‘‘ते येऊ देत. मी बघतो. तुम्ही फक्त बसायचं. एक शब्द बोलायचा नाही.’’

‘‘मी कधी बोलतो?’’

‘‘तेच तर तुमचं बळ आहे, भाऊजी.’’

बैठक मेहुण्याच्या दुकानात झाली, कारण क्लबात दोनच खुर्च्या. बंदरवाल्यांचे अध्यक्ष बर्फाच्या कारखान्याचे मालक होते. माणूस एवढा रुंद की त्यांना सर्वांत मोठा, किमती कमोड द्यावा लागला. त्यांच्या शेजारी चिटणीस उभे होते. बारीक, वाकलेले, जाड चष्मा, खिशाला दोन पेनं. माझ्या हातात पुस्तक होतं. त्यांनी मान तिरकी करून त्याचं नाव वाचलं. अशा माणसाशी माझी ओळख वेगळ्या प्रसंगी व्हायला हवी होती. जावई सहीसाठी आला होता. तो एका बेसिनला टेकून उभा होता आणि त्याच्याशेजारी माझी मुलगी. मी नेहमीसारखा टबाच्या काठावर.

‘‘करून टाकू सही,’’ बर्फवाले म्हणाले. ‘‘तुमच्या भाऊजींनी शब्द दिलाय.’’

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खरं सांगायचं ठरवलं होतं. ‘क्षमा असावी, माझ्या शब्दाचा आपण घेतलेला अर्थ…’ इथपर्यंत वाक्य तयार होतं. ‘मला अभिप्रेत नव्हता’ म्हणावं, की ‘मला म्हणायचा नव्हता’? मी ओठ मिटून विचार करत होतो.

बर्फवाल्यांनी माझ्या ओठांकडे पाहिलं. ‘‘कमी वाटतंय का आता?’’

मी बोललो नाही. अभिप्रेत हा शब्द जरा जड होता.

‘‘बरं, थोडं वाढवतो.’’

चिटणिसांनी चष्मा पुसला. मेहुण्याने माझ्या पायावर पाय ठेवला. त्यामुळे माझं तयार झालेलं वाक्य विस्कटलं आणि मला पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

‘‘आणखी थोडं,’’ बर्फवाले म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. ‘‘अहो, आमचा जुना गोलरक्षक मी घालवून बसलोय. जाळ्यात काय मी स्वतः उभा राहू?’’

राहिले असते तर जाळं पूर्ण झाकलं गेलं असतं. पण हे मी बोललो नाही. काहीच बोललो नाही.

‘‘एवढा कठोर माणूस मी बाजारात बघितला नाही,’’ बर्फवाले शेवटी ओरडले. ‘‘घ्या, तोफही घ्या! भिंतीच्या बदल्यात तोफ, आणि वर ठरलेली रक्कम. आता तरी हो म्हणा.’’

दुकानात नळातून पाणी टपकल्याचाही आवाज आला नसता, कारण नळांना पाणीच नव्हतं. मेहुण्याचा चेहरा उजळला. तो माझ्या कानाशी लागला. ‘‘भाऊजी, झालं! हो म्हणा.’’

‘‘अरे, पण हे नाटक होतं ना?’’

‘‘होतं. आता खरं झालं. निळी फरशी वर पैसे घेऊन मिळतेय.’’

‘‘आणि जावई?’’

‘‘तो पांढरी.’’

मला राग सहसा येत नाही. आलाच तर घरी जाऊन येतो. पण हा तिथेच आला. ज्या भाचीला त्याने खांद्यावर बसवून फिरवलं, तिचा नवरा याला पांढरी फरशी! आणि मेहुण्याची कुजबुज अशी की ती रस्त्यापलीकडच्या माणसालाही ऐकू जावी.

‘‘मामा,’’ मुलगी म्हणाली, ‘‘पांढरी कोण?’’

‘‘फरशी गं. धंद्याचं बोलतोय.’’

‘‘आणि नाटक कसलं?’’

मामा तोटीशी खेळायला लागला. मुलगी माझ्याकडे वळली. ‘‘बाबा, तुम्हांला काही म्हणायचंय का?’’

म्हणायचं होतं. जाऊ नका, म्हणायचं होतं. तुम्ही गेलात तर मला वरच्या फळीवरची पुस्तकं दिसतील पण हाताला लागणार नाहीत. घरात माझ्या खाकरण्याला जिन्यावरून उत्तर येणार नाही. पण एवढं सगळं कमोडांवर बसलेल्या परक्या माणसांसमोर कसं बोलायचं?

‘‘त्यांना काय म्हणायचं असणार?’’ बर्फवाले चिडून म्हणाले. ‘‘त्यांनीच तर फोनवर सांगितलं, त्यांना पर्वा नाही.’’

मी उठलो. तपासणं नाही, जुळवणं नाही.

‘‘मला पर्वा आहे!’’

माझा एवढा मोठा आवाज मीही पहिल्यांदाच ऐकला. टांगलेले नळ किणकिणले.

आणि चिटणीस दचकले. ‘‘परवा आहे?’’ ते अध्यक्षांकडे वळले. ‘‘साहेब, हे म्हणतात, परवा आहे.’’

‘‘काय परवा आहे?’’

‘‘सह्यांची मुदत. मी आजची समजत होतो, पण परवा आहे.’’

बर्फवाल्यांचा घाम जागच्या जागी गोठला. ‘‘परवा? अहो मग मी आजच तोफ कशाला देतोय? दोन दिवस थांबतो. भाव उतरेल.’’

‘‘आज आहे!’’ मेहुणा किंचाळला. ‘‘आजच! संध्याकाळी पाचला बंद. त्यांचं ऐकू नका, त्यांना फुटबॉलमधलं काही कळत नाही!’’

‘‘काही कळत नाही?’’ बर्फवाले हसले. ‘‘आत्ता तासभर मला घाम फोडला या माणसाने. आणि तुम्हांला एकदम एवढी घाई? तुम्ही फरश्या विकता तशा मी बर्फ विकतो, साहेब. ज्याला घाई, त्याला गरज. मुदत नक्की परवा आहे.’’

मेहुण्याने कॅलेंडर आणलं. बर्फवाले म्हणाले, कॅलेंडर तुमच्याच दुकानाचं आहे. मेहुण्याने शपथ घेतली. बर्फवाल्यांनी कमोडावर मांड पक्की केली. मी मधे म्हणत होतो, ‘‘परवा नव्हे, पर्वा.’’ चिटणीस मान डोलावत होते, ‘‘हो, हो, परवा.’’ शेवटी फुटबॉल संघटनेच्या कार्यालयाला फोन लावायचं ठरलं. शेवटच्या दिवशी सगळेच क्लब तिथे फोन लावतात. तो लागेना. मेहुणा घड्याळाकडे बघून पुन्हा पुन्हा आकडे फिरवत होता. लागला तेव्हा फोन बर्फवाल्यांनीच हिसकावून घेतला.

‘‘आजची मुदत संपली,’’ पलीकडचा कारकून म्हणाला. तो इतका थकून ओरडत होता की आम्हां सगळ्यांना ऐकू आलं.

‘‘म्हणजे परवा नाही?’’ बर्फवाले गरजले.

‘‘तुम्हांला नसेल, आम्हांला आहे,’’ कारकून म्हणाला आणि त्याने फोन आदळला.

बंदरवाले रिकाम्या हाताने परत गेले. आपल्याच जुन्या गोलरक्षकाला जादा पगार देऊन त्यांना परत आणावं लागलं. आमची भिंत राहिली, तोफ मिळाली नाही. त्यामुळे वर्षभर आमच्या क्लबावर कुणी गोल केला नाही आणि आमच्या क्लबानेही कुणावर केला नाही. प्रत्येक सामना शून्य-शून्य. प्रेक्षक विणकाम घेऊन येऊ लागले. आणि गाव म्हणतं, हे सगळं मी घडवून आणलं. आधी बंदरवाल्यांना गळाला लावलं, मग ‘परवा’ म्हणून वेळ काढला. निम्मं गाव मला भिंत वाचवल्याबद्दल शाबासकी देतं, निम्मं तोफ घालवल्याबद्दल शिव्या. मी दोन्हींचा धनी नाही हो!

त्या संध्याकाळी आम्ही तिघं दुकानातून चालत घरी आलो.

‘‘बाबा,’’ मुलगी म्हणाली, ‘‘आम्ही जाऊ नये असं वाटत होतं ना तुम्हांला?’’

‘‘म्हणजे… तसं अगदीच… एका अर्थी…’’

‘‘साधं सांगायचं. जाऊ नका. एवढंच. आम्ही खोकी भरलीच नसती.’’

‘‘तिथे बाग होती,’’ जावई म्हणाला. पण घरी आल्यावर मी न खाकरताच तो खोलीत आला आणि वरच्या फळीवरून हवं ते पुस्तक काढून माझ्या हातात दिलं. खोक्यांत आता फळ्यांवर न मावणारी माझी पुस्तकं आहेत. बागेचा विषय तो अजून काढतो, विशेषतः टोमॅटोच्या मोसमात.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी चिटणिसांचं पत्र आलं. सुंदर अक्षर, सगळे अनुस्वार जागच्या जागी. ‘आमच्या क्लबात दोन तट पडले आहेत,’ त्यांनी लिहिलं होतं. ‘आपण फोनवर परवा म्हणालात की पर्वा? आणि दुकानात? मी शब्दांचा माणूस आहे. मला हे ठाऊक नसलं तर स्वस्थ बसवत नाही.’ खाली ताजा कलम : ‘पुढच्या उन्हाळ्यात गोलरक्षकाबद्दल पुन्हा विचारलं तर आपली हरकत नाही ना?’

हे ते पत्र. एवढ्या सज्जन माणसाला मी वर्षभर ताटकळत ठेवलं.

या आठवड्यात मेहुणा पुन्हा आला. ‘‘त्यांना उत्तर दिलं नाहीत, हे झकास केलंत, भाऊजी. वर्षभर झुरलेत. आता भिंतीला सोन्याचा भाव येईल. यंदा नाटक नाही, खरंच देऊन टाकू.’’ मी त्याला चहाही विचारला नाही. त्याच्या ते लक्षात आलं नाही, पण मी विचारला नाही.

तो गेल्यावर मुलगी खाली आली. ‘‘बाबा, चिटणिसांना उत्तर?’’

‘‘परवा,’’ मी म्हणालो.

तिने कमरेवर हात ठेवले. ‘‘टाकलंत की टाकणार?’’

मी कागद ओढला. पहिलं वाक्य गाळलं. सरळ दुसऱ्यापासून सुरुवात केली : ‘फोनवर परवा. दुकानात पर्वा. आपण दोन्ही वेळा उलट ऐकलंत. दोष आपला नाही, रफार ऐकू येत नाही. ता. क. गोलरक्षकाबद्दल : नाही.’

पाकीट चिकटवलं, चपला घातल्या आणि कोपऱ्यावरच्या पेटीत टाकून आलो. आयुष्यात पहिल्यांदाच मी एखादा मजकूर दुसऱ्यांदा न वाचता हातातून सोडला. परत येताना छाती जरा फुगली होती. दाराशी पोचलो आणि एकदम धस्स झालं. ‘नाही’ची वेलांटी घाईत ऱ्हस्व तर पडली नसेल?